प्रत्यारोपणानंतर मूल पुन्हा ॲडमिट होतं तेव्हा: घरच्यांनी काय करायचं, कोणत्या क्रमानं

बोनमॅरो प्रत्यारोपण (बीएमटी) झालेलं मूल घरी येतं, दाराशी औक्षण होतं, आणि आता तब्येत सुधारतच जाणार असं सगळे धरून चालतात. मग एका रात्री ताप येतो, नाहीतर जुलाब लागतात, आणि घर हबकतं. पहिल्या शंभर दिवसांत पुन्हा ॲडमिट व्हावं लागणं या उपचारात नेहमीचं आहे. प्रत्यारोपण फसलं असा त्याचा अर्थ होत नाही. डिस्चार्जच्या गडबडीत हे कुणीतरी सांगितलेलं असतं, पण तेव्हा ते कानात शिरत नाही.

प्रत्यारोपण झालेल्या मुलांच्या घरच्यांसोबत मी काम करते. चुका मुख्यतः दोन ठिकाणी होताना दिसतात: लक्षण दिसल्यावरच्या पहिल्या दोन तासांत, आणि नंतर मुलाशी बोलताना. खालचे टप्पे त्यासाठी आहेत. तुमच्या टीमनं लेखी दिलेली सूचना याहून वेगळी असेल, तर टीमचीच पाळायची. किडनी किंवा लिव्हर प्रत्यारोपणात वैद्यकीय तपशील बदलतात, पण पाचव्या टप्प्यापासून पुढचं बरंचसं तिथंही तसंच लागू पडतं.

टप्पा १: बरे दिवस असतानाच करायची तयारी

आधी फाईलचा सगळ्यात वरचा कागद तयार करा. त्यावर मुलाचं नाव, वजन, प्रत्यारोपणाची तारीख, दाता कोण, लाइन, म्हणजे शिरेत बसवलेली नळी, कोणती (हिकमन, पिक की पोर्ट), कशाची ॲलर्जी आहे आणि सध्याची औषधं, एवढं हवं. डोस मिलिग्रॅममध्ये लिहा. ‘अर्धी गोळी’ असं लिहिलं, तर रात्रपाळीच्या डॉक्टरांना त्यातून काही कळत नाही.

त्याच कागदावर ठळक अक्षरांत आणखी दोन ओळी लिहा. एक: रक्त किंवा प्लेटलेट द्यायच्या झाल्या तर इरॅडिएटेडच (किरणांची प्रक्रिया केलेल्या). दुसरी: मुलाचा मूळ रक्तगट आणि दात्याचा रक्तगट. दोन्ही वेगळे असतील, तर प्रत्यारोपणानंतर मुलाचा रक्तगट हळूहळू दात्याचा होत जातो. मधल्या काळात कोणतं रक्त चालेल हे टीम आणि रक्तपेढी मिळून ठरवतात. शाळेच्या ओळखपत्रावरचा गट पाहून कुणी फॉर्म भरू नये. या कागदाचा फोटो घरातल्या चौघांच्या मोबाइलवर असू द्या.

मग दाराजवळ एक पिशवी भरून ठेवा. काखेत लावायचा डिजिटल थर्मामीटर, मास्क, पुढून बटणं असलेले शर्ट (लाइनला हात लावताना डोक्यावरून कपडा काढावा लागत नाही), मुलाची धुतलेली चादर, चार्जर, आधार आणि रेशन कार्डाच्या प्रती. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाच्या दोन दिवस पुरतील एवढ्या गोळ्याही त्यात हव्यात. रात्री दोन वाजता नेमकी ती ताकद दवाखान्याच्या मेडिकलमध्ये असेलच असं नाही.

प्लेटलेटसाठी दात्यांची यादी आत्ताच करा. मशीनवर घेतलेल्या प्लेटलेट, म्हणजे एसडीपी, पाचच दिवस टिकतात, त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही. मित्रमंडळींतले, ऑफिसातले, गणपती मंडळातले चार-पाच जण आधी विचारून ठेवा. दात्याच्या हाताची शीर ठसठशीत लागते, आणि दीड-दोन तास मोडतात, हेही त्यांना आधीच सांगा.

रस्त्याचंही ठरवून ठेवा. गाडी कोण काढणार, तो गावाला गेला असेल तर कोण, आणि दोघंही नसतील तर १०८. पुण्यात विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता आणि आजूबाजूचा भाग बंद असतो. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतानाही तीच गत. तुमच्या पेठेतून दवाखान्यात त्या दिवशी कसं पोचायचं, हे आदल्या आठवड्यात एकदा पाहून ठेवा. सोलापूर, लातूर, बीडकडून येऊन इथं खोली घेऊन राहिलेल्यांनी टीमच्या परवानगीशिवाय ‘दोन दिवस गावी जाऊन येऊ’ म्हणू नये. पहिले शंभर दिवस दवाखाना जवळच हवा.

पडताळा: आजीला किंवा मोठ्या बहिणीला विचारा, ‘आत्ता ताप आला तर काय करशील?’ उत्तर अडखळत आलं, तर तयारी अजून व्हायची आहे.

टप्पा २: पहिला तास

क्रम एवढाच: मोजा, लिहा, फोन करा, निघा.

ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, की फोन करायचा. टीमनं याहून कमी आकडा सांगितला असेल, तर तो धरा. थर्मामीटर काखेतच लावा, गुदद्वारात कधीच नको. तिथली त्वचा नाजूक झालेली असते, जखमेतून जंतू थेट रक्तात जातात.

फोनवर रडू येतं, शब्द सुचत नाहीत. म्हणून बोलायचं वाक्य कागदावर लिहून फ्रिजला लावून ठेवा: “सिस्टर, बीएमटी झालेल्या मुलाची आई बोलतेय. प्रत्यारोपणाला इतके दिवस झाले. इतक्या वाजता इतका ताप मोजला. लाइन हिकमन. थंडी वाजतेय किंवा नाही. टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड चालू आहेत. आम्ही निघतोय, अर्ध्या तासात पोचू.” एवढ्यावर समोरचा माणूस खोली आणि औषधाची तयारी करू शकतो. नुसतं ‘त्याला बरं वाटत नाहीये’ एवढं सांगितलं, तर समोरून प्रश्न सुरू होतात आणि वेळ जातो.

ताप नसला तरी याच क्रमानं निघायचं, अशी काही लक्षणं आहेत. लाइन फ्लश केल्यावर (नळीत सलाइन सोडून ती धुतल्यावर) हुडहुडी भरणं, धाप लागणं, नाक किंवा हिरड्यांतून न थांबणारं रक्त, काळी किंवा रक्ताची शी, मूल गुंगीत जाणं, झटका येणं. तळहात, तळपाय, कानामागे लाल पुरळ, पाण्यासारखे जुलाब किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर त्याच दिवशी फोन हवा. कांजिण्या किंवा गोवर झालेल्या कुणाच्या जवळ मूल गेलं असेल, तरीही त्याच दिवशी. घरात आजोबांना नागीण झाली, तर तिच्यातूनही मुलाला कांजिण्या लागू शकतात. हे बहुतेकांना माहीत नसतं.

सावध, इथं होणाऱ्या चुका:

फोन करायच्या आधी क्रोसिन देऊ नका. आकडा खाली येतो, संसर्ग आत तसाच वाढत राहतो. आयबुप्रोफेन तर डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय कधीच नाही, प्लेटलेटचं काम बिघडतं.

सकाळची वाट पाहू नका. पांढऱ्या पेशी कमी असलेल्या मुलात ताप आल्यावर पहिलं अँटिबायोटिक दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात जावं, असा दंडक आहे. तो दवाखान्यानं पाळला, पण आपण घरातच सहा तास घालवले, तर उपयोग काय?

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे ‘एक इंजेक्शन घेऊन बघू’ म्हणून थांबू नका. भावंडाच्या उरलेल्या औषधातलं काही देऊ नका. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं साधं वाटणारं औषधही टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी धोक्याइतकी वाढवतं.

आणि स्टेरॉइड चालू असेल, तर ताप येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. स्टेरॉइड ताप झाकतं. मूल एकाएकी मलूल झालं, खेळणं टाकून पडून राहिलं, तर तेच लक्षण समजा. रोज त्याला पाहणाऱ्या माणसाला हे सगळ्यांत आधी जाणवतं, आणि ते जाणवणं फोनवर सांगण्याइतकं महत्त्वाचं असतं.

टप्पा ३: दवाखान्यात पोचल्यावर

कॅज्युअल्टीच्या दारातच सांगा: “बीएमटीचं मूल आहे, वेगळं बसवा.” खोकणाऱ्यांच्या रांगेत बसू नका. वरचा कागद हातात द्या. साधारणपणे आधी लाइनच्या प्रत्येक नळीतून कल्चर (जंतू शोधायला रक्ताचा नमुना) घेतात आणि लगेच अँटिबायोटिक सुरू करतात. कल्चरचा रिपोर्ट यायला दिवस लागतात, म्हणून औषध त्याच्यासाठी थांबत नाही. लाइनला हात लावणाऱ्या प्रत्येकाला ‘हात धुतलेत का?’ असं विचारायला लाजू नका. चांगल्या सिस्टरला त्याचा राग येत नाही.

सोबत एकच जण थांबेल. सर्दी असलेला तर मुळीच नाही, मग तो बाप का असेना.

टप्पा ४: काय झालंय ते नीट समजून घेणं

‘इन्फेक्शन आहे’ एवढ्यावर थांबू नका. राउंडच्या वेळी तीन प्रश्न विचारा: नेमकं काय आहे किंवा कशाचा संशय आहे? उतार पडतोय हे कशावरून कळेल? आणि नाही पडला तर पुढचं पाऊल काय? उत्तरं वहीत, तारीख घालून लिहा. सकाळी आईला एक सांगितलं, संध्याकाळी बाबांना दुसरं, यावरून होणारी निम्मी भांडणं या वहीनं मिटतात.

जीव्हीएचडी: दात्याच्या पेशी मुलाच्या शरीराला परकं समजून त्वचा, आतडं, यकृत यांवर उठतात. यात तुमची नोंद डॉक्टरांना सगळ्यात जास्त लागते. शी मोजायची. मापाचा प्लास्टिकचा मग फक्त त्यासाठी ठेवा, दर वेळी किती मिलिलिटर, रंग कोणता, रक्त आहे का, हे लिहा. लहान बाळ असेल, तर डायपर वजनकाट्यावर ठेवा आणि कोऱ्या डायपरचं वजन वजा करा. ‘चार-पाचदा झाली’ यावरून औषधाचा डोस ठरत नाही, दिवसाकाठी किती मिलिलिटर यावरून ठरायला मदत होते.

सीएमव्ही: शरीरात आधीच दडून बसलेला विषाणू प्रतिकारशक्ती कमी झाल्यावर डोकं वर काढतो. म्हणूनच लक्षणं नसताना रक्ताची नियमित तपासणी करत असतात. ती चुकवू नका.

काउंट (रक्तपेशींची संख्या) खाली जाणं: एखाद्या दिवसाचा आकडा पाहून अन्नावरची वासना उडवून घेऊ नका. औषधानं, विषाणूनं काउंट उतरतात आणि पुन्हा चढतातही. ते उतरतच राहिले, तर दात्याच्या पेशी किती टक्के आहेत हे कायमेरिझमच्या तपासणीत पाहतात. त्या घटत असतील, तर औषधं बदलणं, दात्याच्या पेशी पुन्हा देणं असे पर्याय असतात. अशा वेळी नातेवाइकांसमोर, घाईत चर्चा नको. वेगळी वेळ मागून घ्या, आणि ऐकायला दोघांनी मिळून जा.

टप्पा ५: मुलाशी बोलणं

इथं मी जास्त जागा घेणार आहे, कारण पहिले चार टप्पे बिनचूक करणारी घरंही इथं गडबडतात.

मूल विचारतं, “आई, तू म्हणाली होतीस ना, आता सुई नाही?” घरचे मग म्हणतात, “नाही रे राजा, नुसतं बघणार आहेत डॉक्टर.” पाच मिनिटांत सुई येते. त्यानंतर ते मूल तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही, आणि पुढची प्रत्येक गोळी म्हणजे युद्ध होतं.

त्याऐवजी असं: “हो, म्हणाले होते. मला वाटलं होतं तसं झालं नाही. आज सुई आहे. दुखेल, पण थोडा वेळ. कुठल्या हाताला टोचायची ते तू सांग, आणि मी इथंच आहे.” यात तीन गोष्टी आहेत: खरं सांगणं, किती वेळ ते सांगणं, आणि मुलाच्या हातात एखादा छोटासा निर्णय देणं. सुई घ्यायची की नाही, हा प्रश्न विचारू नका. ज्याला ‘नाही’ हे उत्तर चालणार नाही, तो प्रश्नच नव्हे.

घरी कधी जायचं, याची तारीख देऊ नका. ‘गणपतीला आपण घरी’ म्हटलं, आणि गणपती बसले तेव्हा मूल खोलीतच असलं, तर त्याच्या मनात आपण हरलो अशी गाठ बसते. तारखेऐवजी अटी सांगा: ताप थांबला, कल्चर चांगलं आलं, तोंडानं औषध घेता यायला लागलं, की घर. या अटी कागदावर काढा आणि एकेक पूर्ण झाली की खूण करायला मुलाच्या हातात पेन द्या.

चार-पाच वर्षांच्या मुलांना वाटतं की आपण काहीतरी वाईट केलं म्हणून हे झालं. न विचारताही सांगा: “तू काही केलं नाहीस. चोरून चिप्स खाल्लेस म्हणूनसुद्धा नाही.” आठ-दहा वर्षांचं मूल दारापलीकडचं फोनवरचं बोलणं ऐकतं, म्हणून खोलीबाहेरही तेच बोला जे आत बोलता. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला राउंडमध्ये प्रश्न विचारू द्या. ‘मी मरणार आहे का?’ असं त्यानं विचारलं, तर ‘असलं काही बोलू नकोस’ म्हणून तोंड बंद करू नका. आधी विचारा, “हे कशावरून मनात आलं?” बऱ्याचदा शेजारच्या खोलीतलं मूल दिसेनासं झालेलं असतं. मग जे खरं माहीत आहे ते सांगा, आणि जे तुम्हाला सांगता येत नाही ते डॉक्टरांसोबत बसून.

स्टेरॉइडनं चेहरा सुजतो, भूक खवळते, झोप उडते, चिडचिड होते. हे सुरू व्हायच्या आधीच मुलाला सांगा: “हे औषधामुळे होतंय, औषध कमी झालं की कमी होईल.” बिछाना ओला होणं, बोबडं बोलणं, फक्त आईलाच मारणं, हेही होतं. मारू देऊ नका, पण ओरडूही नका. हात धरून सांगा, “राग येऊ दे, पण मारायचं नाही, उशी घे.” सगळ्यांत जास्त राग ज्या माणसावर निघतो, त्याच्याजवळ मुलाला सगळ्यांत सुरक्षित वाटत असतं.

टप्पा ६: दाता असलेलं भावंड

बहुतेक घरांत हा टप्पाच गळून जातो. बहिणीनं बोनमॅरो दिला, सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, आणि आता भावाला जीव्हीएचडी झाला. काका सहज म्हणून जातात, “ताईच्या पेशी भांडतायत त्याच्याशी.” ती नऊ वर्षांची पोर रात्री झोपत नाही, आणि कुणाला काही सांगतही नाही.

तिला बाजूला घेऊन, फोन बाजूला ठेवून सांगा: “तुझं काम होतं पेशी देण्याचं, ते तू पूर्ण केलंस. पुढे त्या कशा वागतात हे तुझ्या हातात नाही, आमच्याही नाही. त्यासाठी डॉक्टर आणि औषधं आहेत.” मग तिच्या शाळेबद्दल विचारा, आणि पूर्ण उत्तर ऐका. घरात ‘पेशी भांडतात’ हे शब्द बंद. प्रत्यारोपण फसलंच, तर तिला तुम्हीच सांगायचं, मामेभावाकडून कळायला नको.

दाता नसलेल्या भावंडाचंही पाहा. रोज ठरलेल्या वेळी आईचा व्हिडिओ कॉल, आणि त्यात आजारी मुलाचा विषय नाही, इतकं पाळलं तरी फरक पडतो.

सावध: घरात पाच वर्षांखालचं भावंड असेल, तर पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर नेण्याआधी टीमला विचारा. तोंडावाटे दिलेल्या थेंबांतला जिवंत विषाणू शीतून बाहेर पडतो, आणि या मुलाला तो घातक ठरू शकतो. भावंडाला इंजेक्शनची पोलिओ लस देता येते.

टप्पा ७: मोठी माणसं

पाळ्या लावा, आणि पाळी संपली की खरोखर घरी जाऊन झोपा. नातेवाइकांना बातमी एकाच माणसानं, एकदाच, संध्याकाळी द्यायची. बाकीच्यांनी ‘त्यांनाच विचारा’ म्हणायचं. आत्या, मावशी मदत करू का विचारतात, तेव्हा ‘काही नको’ म्हणू नका. डबा, धाकट्याची शाळा, विम्याचे कागद, प्लेटलेटचा दाता, यांतलं एक काम नाव घेऊन द्या.

आजीनं देवीचा अंगारा आणला, तर तिचा अपमान करू नका. पुडी तशीच बंद, देव्हाऱ्यात ठेवा. कपाळावरही नाही, जिभेवरही नाही, आणि लाइनजवळ काळा दोराही नाही. गुळवेल, काढा, ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ काहीही द्यायचं नाही. या मुलाची प्रतिकारशक्ती डॉक्टर मुद्दाम दाबून ठेवत असतात.

सतत रडू येणं, जेवण न जाणं, जगणं नकोसं वाटणं असं आईवडिलांपैकी कुणालाही झालं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

टप्पा ८: पुन्हा घरी

डिस्चार्जच्या दिवशी औषधांचा जुना तक्ता फाडून टाका. ॲडमिट असताना डोस बदललेले असतात. जुन्या आणि नव्या, दोन्ही कागदांवरून औषधं दिली जाणं ही घरी आल्यावर होणारी सगळ्यात धोक्याची चूक आहे. नवा तक्ता सिस्टरसमोर बसून, गोळ्यांची पाकिटं हातात घेऊन लिहा.

घराची साफसफाई मूल यायच्या आधी संपलेली हवी. रंगकाम, भिंत फोडणं नको. शेजारी इमारत पाडत असतील, तर त्या बाजूच्या खिडक्या बंद, कारण त्या धुळीत बुरशीचे कण असतात. ग्रिलमध्ये कबुतरं बसत असतील, तर जाळी लावून घ्या, आणि विष्ठा ओली करून दुसऱ्या कुणीतरी साफ करावी.

पाणी उकळलेलंच. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसची (गुइलेन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली, तेव्हा संशय पाण्यावर होता. टँकरच्या, विहिरीच्या पाण्याबाबत तर दुप्पट काळजी घ्या. मटकीची उसळ चालेल, पण पूर्ण शिजवलेली. कोशिंबीर, पंचामृत, उसाचा रस, बाहेरची चटणी नाही. पपनस आणि ग्रेपफ्रूट औषधाची पातळी वाढवतात, तेही नाही.

औषध दिल्यावर उलटी झाली, तर आपल्या मनानं पुन्हा देऊ नका. औषध किती वाजता दिलं, उलटी किती वाजता झाली, गोळी दिसली का, एवढं लिहा आणि फोन करा. जुलाब लागले तरीही फोन करा, कारण जुलाबात टॅक्रोलिमसची पातळी वाढू शकते.

पडताळा, पहिल्या ओपीडीच्या सकाळी: टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनची पातळी पाहायची असेल, तर सकाळचा डोस घरी द्यायचा नाही. गोळी डबीत घालून सोबत न्या, रक्त घेतल्यावर तिथंच द्या, आणि किती वाजता दिली ते वहीत लिहा.